सगळ्यांच्या ताई, माझी आई

“आई गेली. सगळे तिचं कौतुक करतायत आणि मला मात्र तिचा राग येतोय. मी वाईट मुलगी आहे का?”

हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे नेहमी येतो. नोकरी सांभाळून लोकांसाठी झिजलेल्या बायकांच्या घरून तर हमखास. गेलेल्या माणसाचं नाव जितकं मोठं, तितका हा राग मुलांच्या घशात अडकून बसतो. शोकसभेत तो बोलता येत नाही आणि घरी बोलावा तर वडील दुखावतात.

सांगलीची एक लेक, पुण्यात नोकरीला असलेली, अशीच आली होती. तिच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल ते तपशील बदलले आहेत. आई राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागली आणि परीक्षा देत देत शाखाधिकारी झाली. रविवारी वस्तीत जाऊन बायकांची खाती उघडायची, अंगठा लावणाऱ्या बायकांना सही शिकवायची. त्यातच नेत्रदानाचं काम. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, त्यामुळे फोन कधीही येतो. रात्री दोनला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, लेकीच्या दहावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी. आई पर्स उचलायची, चप्पल घालायची आणि जायची.

आई गेली तेव्हा लेक योगायोगाने घरी होती. तिनेच पंखा बंद केला, पापण्या मिटवल्या, त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी दिली आणि नेत्रपेढीला फोन लावला. लहानपणापासून आईला फोनवर हेच सांगताना ऐकलेलं, हात आपोआप चालले. जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, “शेवटी ताईंचीच मुलगी!” त्या वाक्यानंतर तिला रडू आलंच नाही. महिने लोटले तरी आलं नव्हतं.

“राग ही दुसरी पायरी ना मॅडम? मग तिसरी कधी येणार?” तिने विचारलं. दुःखाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) आता सगळ्यांनी कुठेतरी वाचलेल्या असतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, पण मुळात मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या माणसाने त्या क्रमाने चढायच्या असतात, असं काही नाही. मला स्ट्रोब आणि शूट या मानसशास्त्रज्ञांची १९९९ मधली मांडणी जास्त खरी वाटते. माणूस कधी दुःखात बुडतो, कधी गॅस बुकिंग आणि मुलांच्या डब्यात स्वतःला गुंतवतो, पुन्हा बुडतो. हे येणंजाणं म्हणजेच सावरणं. राग त्यात केव्हाही येतो आणि तो प्रेमाच्या जागी येत नाही, प्रेमाच्या शेजारी बसतो.

मी तिला एकच काम दिलं. शोकसभेत जे बोलता आलं नाही, ते लिहून आणा. कोणाला दाखवायचं नाही, मलाही नाही.

तिने मात्र ते वाचूनच दाखवलं. ऑगस्ट २०१९. पुण्यात तिचं बाळंतपण, आईने रजा टाकलेली. बाळ आठवडाभर आधी आलं, आणि तिकडे कृष्णेला पूर. धोक्याची पातळी ४५ फूट, आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं. आई निवारा केंद्रात होती. रस्ते बंद होते हे लेकीला माहीत होतं. “पण रस्ते उघडल्यावरही ती लगेच आली नाही. केंद्रातली माणसं घरी परतेपर्यंत थांबली.” हे वाचताना तिचा आवाज चढला. मी आईची बाजू मांडली नाही. ती मांडायला अख्खी सांगली होती.

पुढच्या वेळी तिने न सांगता दुसरा कागद आणला. आईची बदली बाहेरगावी असताना ती शनिवारी रात्रीच्या एसटीने घरी यायची. पर्समध्ये बँकेतल्या रद्द झालेल्या स्लिपांचा गठ्ठा असायचा, मागून कोऱ्या, लेकीला चित्रं काढायला. रविवारी सकाळी आई वस्तीत जायची तेव्हा लेक त्या स्लिपांवर आईचंच चित्र काढत बसायची. एवढं वाचलं आणि ती रडली. बराच वेळ रडली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. आईच्या निवृत्त सहकारी बाईंनी तिला सांगितलं, “पुरात ताई प्रत्येकाला फोनवर नातीचा फोटो दाखवायच्या.” सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. लेक आणखी चिडली. फोटो दाखवायला वेळ होता, यायला नव्हता! मी तिला एवढंच म्हटलं की दोन्ही खरं असू द्या, निकाल आत्ताच लावायला हवा असं नाही.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. शोकसभेत मुलांना “आता ताईंचं काम तुम्हीच पुढे न्यायचं” असं कृपा करून म्हणू नका. आईवडील गमावलेल्या माणसाच्या खांद्यावर त्याच दिवशी हे ओझं ठेवणं निर्दयपणाचं आहे. आणि मुलांनो, पहिल्या वर्षात असा कोणताही शब्द देऊ नका. काम आईने आपल्या आवडीने निवडलं होतं. तुम्हालाही निवडता आलं पाहिजे, नाही म्हणता आलं पाहिजे.

दुःख नेमकं केव्हा काळजीचं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ चालणाऱ्या शोकासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, अमेरिकी वर्गीकरणात मोठ्यांसाठी एक वर्षाची. नुसता काळ पाहू नका. त्यानंतरही तीव्र ओढ आणि वेदना जवळपास रोज तशीच असेल, कामधंदा, नाती कोलमडली असतील, तर तज्ज्ञांकडे जा. जगणंच नको वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

या लेकीची झोप मात्र वेगळ्याच कारणाने उडाली होती आणि ते तिने फार उशिरा सांगितलं. आईचा मोबाइल तिने पुण्याला आणला होता. नेत्रदानाच्या पत्रकांवर तोच नंबर छापलेला. रात्री फोन वाजायचा, पलीकडे कोणाचं तरी नुकतंच गेलेलं असायचं, आणि आईच्या जाण्याला वर्ष व्हायच्या आत ही मुलगी अनोळखी माणसांना पंखा बंद करायला सांगत होती.

सिमकार्ड तिने सांगलीच्या कार्यकर्त्यांना दिलं. आता फोन ते आळीपाळीने घेतात. भावाला हे अजिबात पटलेलं नाही, आईचा नंबर घराबाहेर गेला म्हणून तो तिच्याशी नीट बोलत नाही. पुढच्या महिन्यात दोघं मिळून माझ्याकडे येणार आहेत.