पायपेटी, पखवाज आणि तुझी गाडी

चि. बाय,

अनेक आशीर्वाद.

पायपेटी (पायाने भाता मारायची पेटी) आणि पखवाज यांवरून सुचलेल्या तुझ्या विजेच्या गाडीची रेखाटनं मिळाली. हात बसलाय तुझा, रेषेत दम आहे. पण डॅशबोर्डला तंबोऱ्याची दांडी, दाराला खुंट्या आणि मागच्या काचेवर तारा, हे सगळं आधी पुसून टाक. वाद्याचं सोंग घेतलेली गाडी लोक दोन मिनिटं बघतात आणि पुढच्या स्टॉलकडे वळतात. तंबोऱ्याचा भोपळा गोल दिसतो म्हणून तिथे नाही. आतली हवा घुमावी आणि एवढं मोठं वाद्य हलकं राहावं, म्हणून तो आहे. तुझ्या गाडीत कुठला भाग असं काही काम करतो, ते मला रेखाटनात दिसलं नाही.

प्यूजोने २०१५ मध्ये फ्रॅक्टल नावाची विजेवरची कन्सेप्ट गाडी दाखवली होती. तिच्या आतल्या अस्तराचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग थ्रीडी प्रिंट केलेला, आणि त्यावर निमुळते उंचवटे. बघणाऱ्याला नक्षी वाटते, पण कल्पना घेतली होती आवाज गिळणाऱ्या प्रयोगशाळेतल्या भिंतींवरून. इंजिन गेलं की टायरची आणि वाऱ्याची कुरकुर उघडी पडते, तिची सोय लावायलाच लागते. प्रेरणा म्हणतात ती अशी.

आता बाहेरच्या आवाजाकडे ये, तुझी खरी जागा तीच. विजेची गाडी हळू चालताना पादचाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून तिने मुद्दाम आवाज करावा असा संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम आहे. ताशी २० किलोमीटरला किमान ५६ डेसिबल, आणि एकूण कमाल ७५. आवाजाचा काही भाग १६०० हर्ट्झ किंवा त्याखाली हवाच. वय झालेल्या कानांना वरचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात. मालवणच्या बाजारातल्या बोळात चिऱ्याच्या गडग्याला धरून चालणारी म्हातारी डोळ्यांसमोर ठेव, वर पत्र्यावर पाऊस वाजतोय. तिला ऐकू आलं पाहिजे आणि दचकायलाही नको.

त्याच नियमात एक गंमत दडली आहे. ताशी ५ ते २० च्या दरम्यान वेग एका किलोमीटरने वाढला की सूर सरासरी किमान ०.८ टक्के चढला पाहिजे. पंधरा किलोमीटरचे झाले बारा टक्के. सा आणि शुद्ध रे यांच्यातलं अंतर साडेबारा! म्हणजे गाडी जागची हलून गल्ली पार करेपर्यंत साधारण सा वरून रे वर जाते. आणि जाते ती सरकत, टप्प्याने नाही.

इथेच तुझी पायपेटी अडते. तिची प्रत्येक पट्टी आपल्याच सुराला बांधलेली, मधे मींड, म्हणजे सुरावरून सुरावर सरकणं, नाही. ती मींड भजनीबुवांच्या गळ्यात ऐक. पण पेटी टाकून देऊ नकोस. दशावतारात पेटीवाल्याच्या पायाकडे बघ: भात्यावर दाब वाढला की सूर तोच राहतो, फुगतो फक्त. तुझ्याही गाडीत पाय पेडलवरच आहे. तेव्हा सुराची उंची वेगाकडे दे, सुराचा भरणा पेडलकडे. उतारावर पाय उचलला, मोटर उलट वीज भरायला लागली, की भाता मिटल्यासारखा आवाज आत घे. (यामाहा १८८७ मध्ये सुरू झाली ती रीड ऑर्गनपासून. मोटरसायकलवरच्या चिन्हातले तीन ट्युनिंग फोर्क पुढच्या वेळी नीट बघ.)

खालच्या घुमाऱ्यासाठी पखवाज. वाजवायच्या आधी वादक भिजवलेल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीच्या, म्हणजे चामड्याच्या तोंडाच्या, मधोमध थापतो, बोटाने कडा चेपतो, थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा ऐकतो. कणीक वाढली की आवाज खाली बसतो. वाजवून झालं की खरवडून टाकतो. कॉम्प्युटरवर तीन महिने फिल्टर फिरवण्याआधी हे एकदा जवळून बघ.

फणसाचं लाकूड आत वापरायचं म्हणतेस, वापर. मात्र आपल्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांची दमट हवा सोसेल असा लेप सावंतवाडीच्या लाखकाम करणाऱ्यांना विचारून ठरव. कॅटलॉग बघून नको.

तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतील. रेकॉर्डर घेऊन पेटीच्या बाजूला बस, मध्यरात्रीनंतरही उठू नकोस, तेव्हा हात मोकळे झालेले असतात. तोवर एक चतुर्थांश मापाचं मातीचं मॉडेल उभं कर. खुंट्या दिसल्या तर मी बघणार नाही.

तुझा,
सर