उभं कुठं राहायचं? शहर बघणाऱ्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: उंच इमारतींचे फोटो फोनवर काढते. प्रत्येक फोटोत इमारत मागे कललेली दिसते, भिंती वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात. लेन्समध्ये दोष आहे का?

लेन्स ठीक आहे. इमारतीचा माथा फ्रेममध्ये यावा म्हणून तुम्ही फोन वर उचलता, घोटाळा तिथं होतो. सेन्सर, म्हणजे फोनमधला चित्र टिपणारा भाग, भिंतीला समांतर असेल तर उभ्या रेषा उभ्याच राहतात. तो मागे झुकला की माथा पायापेक्षा दूर पडतो आणि त्या प्रमाणात लहान उमटतो.

म्हणून फोन सरळ धरा. बहुतेक फोनांच्या कॅमेरा सेटिंगमध्ये पातळी दाखवणारी रेषा असते, ती सुरू करा. सरळ धरल्यावर क्षितिज फोटोच्या बरोबर मधोमध येतं. म्हणजे खालचा अर्धा फोटो रस्त्याचा आणि इमारतीला फक्त वरचा अर्धा भाग. फोन उभा धरून नेहमीच्या मुख्य लेन्सने संपूर्ण इमारत घ्यायची तर तिच्या उंचीच्या साधारण दीडपट मागे जावं लागतं: ३० मीटर उंचीला सुमारे ४५ मीटर. खालचा रस्ता नंतर कापून टाका.

एवढी जागा समोर क्वचितच मिळते. मग समोरच्या बाजूला इमारतीच्या निम्म्या उंचीवर पोचता येईल असं काही आहे का ते बघा: पादचारी पूल, वाहनतळाचा वरचा मजला, जिन्याची खिडकी. तिथून लागणारं अंतर निम्म्यावर येतं आणि कापाकापीही उरत नाही. इमारतींचे चांगले छायाचित्रकार लेन्सपेक्षा असा जिना शोधण्यात जास्त वेळ घालवतात, आणि ते योग्यच आहे.

दोन्ही जमलं नाही तर थोडं कलवून काढा आणि एडिटिंगमध्ये रेषा सरळ करा. त्यात फोटोचा वरचा भाग रुंदीत ताणला जातो आणि वरचे कोपरे फ्रेमबाहेर जातात, म्हणून काढतानाच दोन्ही बाजूंना पुरेशी मोकळी जागा ठेवा. रेषा पूर्ण सरळ करू नका. खालून बघताना इमारत थोडी निमुळती दिसायची डोळ्याला सवय असते, त्यामुळे पूर्ण सरळ केलेली उंच इमारत वर फुगल्यासारखी वाटते.

प्रश्न: छोट्या सभागृहातल्या गाण्याच्या कार्यक्रमांना कॅमेरा नेतो. फोटोंवर आडव्या काळ्या पट्ट्या येतात आणि गायकाचा चेहरा म्हणजे नुसता लाल डाग. शिवाय नीट ऐकूही यावं, तर उभं कुठं राहावं?

पट्ट्या रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांमुळे येतात. उजेड कमी-जास्त करण्यासाठी हे दिवे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उघडझाप करतात. डोळ्याला ते कळत नाही. पण आवाज होऊ नये म्हणून तुम्ही सायलेंट शटर लावलेलं असणार, आणि त्यात सेन्सर वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. दिवा विझलेल्या क्षणी वाचलेल्या ओळी काळ्या पडतात. मेकॅनिकल शटर (खरा हलणारा पडदा) वापरा आणि वेग १/१२५ सेकंदापर्यंत खाली आणा, पट्ट्या बहुतेक जातात. छताचे साधे दिवे थेट विजेवर चालत असतील तर ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १/१०० किंवा १/५० ठेवा, ६० हर्ट्झच्या पुरवठ्यावर १/१२० किंवा १/६०.

लाल डागाचं कारण वेगळं आहे. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा नोंदवतो, त्या प्रत्येक नोंदीला चॅनेल म्हणतात. शुद्ध लाल उजेडात फक्त लाल चॅनेल काठोकाठ भरतो, हिरवा आणि निळा जवळजवळ रिकामे राहतात. नाक, गाल, सुरकुत्या यांचा तपशील लाल चॅनेलमध्येच होता, तो ओव्हरएक्स्पोज होऊन गेला. साध्या हिस्टोग्रॅमवर (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) हे अनेकदा दिसतच नाही, तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्रॅम लावा. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवा; एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा उजेड. तरीही नाही जमलं तर तो फोटो कृष्णधवल करा. लाल उजेडातले चेहरे कृष्णधवलमध्ये फार सुंदर दिसतात.

सुरुवात एफ/२.८ (लेन्सचं छिद्र), १/२०० (शटरचा वेग) आणि आयएसओ ३२०० (सेन्सरची संवेदनशीलता) वर करा; पट्ट्या दिसल्या तर १/१२५ वर या. ड्रम वाजवणाऱ्याच्या काठ्या स्थिर हव्या असतील तर १/५०० लागेल. फ्लॅश बंद कराच, पण फोकससाठी कॅमेऱ्यातून पेटणारा छोटा दिवाही बंद करा. तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही आणि गाणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. पहिलं गाणं नुसतं बघा. ध्रुवपद परत आलं की अनेकदा तीच प्रकाशयोजना परत येते, त्यामुळे पांढरा उजेड चेहऱ्यावर कधी पडेल याचा अंदाज बांधता येतो. गायकाच्या अगदी समोर राहू नका, माइक तोंड झाकतो. थोडं बाजूला सरका आणि ओळ संपून तो माइकपासून मागे होतो तो क्षण पकडा.

ऐकण्यासाठी सर्वांत चांगली जागा मिक्सिंग डेस्कच्या जवळ, कारण आवाज जुळवणारा तिथं बसून जुळवतो. कोपरे आणि मागची भिंत टाळा, खर्जाचा आवाज तिथं साचतो आणि शब्द बुडतात. आवाज ८५ डेसिबल असेल तर सुरक्षित मर्यादा दिवसाला ८ तास धरतात, आणि दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं, आणि स्पीकरसमोर १०० डेसिबल सहज असतात. फोमचे बोळे तार स्वर जास्त अडवतात म्हणून गाणं गुदमरल्यासारखं ऐकू येतं. संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग सगळे स्वर साधारण सारखेच कमी करतात, ते घ्या.

प्रश्न: विटांची दर्शनी भिंत खरोखर भार पेलते की नुसती वरून लावलेली आहे, हे रस्त्यावरून ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं. विटांचे थर मोजा. काही विटांची लांब बाजू आणि काहींची आखूड बाजू दिसत असेल, तर आखूड बाजूवाल्या विटा भिंतीत आत शिरून दोन पदर बांधत आहेत: भिंत भरीव असण्याची शक्यता मोठी. सगळीकडे फक्त लांब बाजूच दिसली तर तो बहुधा एका विटेचा बाह्य पदर आहे. मग खिडकीच्या वर बघा. रुंद खिडकीवर कमान नाही, लिंटल (वरचा भार पेलणारी आडवी तुळई) नाही, आणि विटांचे आडवे थर मात्र सरळ पुढं गेलेत, तर आत लपलेलं लोखंड त्यांना धरून आहे. काही मीटरवर वरपासून खालपर्यंत रबरासारख्या भरावाची सरळ उभी फट दिसली तर शंकाच नको, ते आधुनिक आवरण आहे.

खिडकी भिंतीत किती आत बसली आहे तेही बोलतं: भार पेलणारी भिंत जाड, म्हणून खिडकी खोल. शिकागोच्या मोनॅडनॉक इमारतीचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ साली भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींवर १६ मजले उभा राहिला, त्यासाठी तळाची भिंत सुमारे ६ फूट जाड करावी लागली. दक्षिणेकडचा भाग १८९३ सालचा, पोलादी सांगाड्याचा. तिथं भिंतीला एवढ्या जाडीची गरजच उरली नव्हती.

प्रश्न: भिंतीवरच्या चित्रांचे फोटो विकता येतात का?

ते देशावर अवलंबून आहे. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या कायमस्वरूपी कलाकृतींचे फोटो व्यावसायिक वापरासाठीही चालतात. फ्रान्समध्ये तशी मोकळीक नाही: आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो विकता येतो, रात्रीच्या रोषणाईचा मात्र परवानगीशिवाय नाही. विकायचं नसेल तरी चित्राच्या खालच्या कोपऱ्यातली सही आधी शोधा आणि निदान एका फ्रेममध्ये ती वाचता येईल अशी घ्या. भिंत पुन्हा रंगवली गेली तर चित्रकाराचं नाव त्या एका फोटोतच राहतं.