अटकेपार झेंडा : कुठली अटक, कुणाचा झेंडा?

एका ताईंनी विचारलंय की 'मराठी सिनेमाचा अटकेपार झेंडा' या बातमीतली अटक म्हणजे पोलीस करतात तीच का, आणि परदेशी फेस्टिवलला नुसती निवड झाली तरी असं म्हणायचं का.

पहिलं सोपंय. ही अटक म्हणजे सिंधूकाठचं गाव, अकबराचा किल्ला आहे तिथे, आता पाकिस्तानात. १७५८ साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजा लाहोर घेऊन पार तिथवर गेल्या, तिथून हा वाक्प्रचार आला. पोलिसांची अटक ती अटकणे, अटकाव यांच्या घरातली. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्हींचं सामान्यरूप 'अटके', म्हणून गोंधळ होतो.

दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर, नाही म्हणायचं. झेंडा आपण जाऊन लावतो, त्यात कर्ता आपण असतो. फेस्टिवलच्या निवडीत कर्ता समोरचा, त्यांनी घेतलं, त्यांनी पाठ थोपटली. चांगलंच आहे ते, आनंद मलाही होतो, पण शाबासकी मिळाली त्याला मोहीम फत्ते झाली कसं म्हणणार? आणि 'ऑस्करला गेला' म्हणतात तेव्हा तर बऱ्याचदा भारताची एंट्री म्हणून आपणच पाठवलेला असतो, २००४ च्या 'श्वास'सारखा, तिकडच्यांनी अजून काही ठरवलेलंही नसतं.

मागे दादरला प्लाझाबाहेर दोन कॉलेजची मुलं पोस्टर बघत उभी होती, एक म्हणाला मराठी आहे रे, राहू दे, तेवढ्यात दुसऱ्याने पोस्टरवरची परदेशी फेस्टिवलला निवड झाल्याची ती पानांची खूण दाखवली तर लगेच, अरे मग बघायला पाहिजे. मला फार लागलं ते. कारण प्रभातचा 'संत तुकाराम' १९३७ ला व्हेनिसला नावाजला गेला हे आपण नेहमी सांगतो, पण तोच सिनेमा इथे गिरगावात सेंट्रलला वर्षाहून जास्त चालला, हे कितीजण सांगतात? तो केला होता इथल्या माणसांसाठी, अभंग पाठ असलेल्यांसाठी, आणि त्यांनीच तो आधी डोक्यावर घेतला.

परक्या मुलखातली माणसं तिकीट काढून रांगा लावतील तेव्हा खुशाल लिहा अटकेपार. तोवर 'निवड झाली', 'दखल घेतली', 'गौरव झाला' हे शब्द आहेत की आपल्याकडे, आणि ताई, ती बातमी मी लिहिली असती तर 'मराठी चित्रपटाची महोत्सवासाठी निवड' एवढीच लिहिली असती, आणि खाली तो मुंबईत कुठे लागलाय ते.