पत्र्याच्या घरात क्रिएटिन टिकतं का?

प्रश्न : राम राम दादा, मी भुसावळचा, रोज जिमला जातो. क्रिएटिनचा, म्हणजे स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात त्या पावडरीचा, मोठा डबा घेतलाय पण घर पत्र्याचं, मे महिन्यात आत नुसती भट्टी, आणि आता पावसाळ्यात उघडून बघतो तर पावडरीचे खडे झालेत. फेकून देऊ का? आणि सकाळीच लिंबू सरबतात मिसळून बाटली भरतो, संध्याकाळी पितो, ते चालतं ना?

उत्तर : राम राम भाऊ. डबा फेकू नका, एवढा महागाचा माल! उन्हाळ्यानं त्याचं काही वाकडं झालेलं नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेटची, म्हणजे नेहमीच्या क्रिएटिनची, कोरडी पावडर ४० अंशांवर ३ वर्षांहून जास्त ठेवून पाहिलीय, बिघाड दिसला नाही, ६० अंशांवर ४४ महिने ठेवली तेव्हा कुठे दहा लाखांत शंभरेक भाग क्रिएटिनिन, म्हणजे क्रिएटिन बिघडून होणारा पदार्थ, सापडलं. म्हणजे आपला ४६-४७चा मे ती आरामात काढते.

खडे झाले ते हवेतली ओल धरल्यामुळे. फोडून बघा, पांढरी असेल, वास नसेल, एक्सपायरी बाकी असेल तर खुशाल वापरा. रंग बदलला, कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर मात्र टाकून द्या. ओला चमचा घालू नका, ओल शोषणारी सिलिकाची पुडी आतच राहू द्या. फ्रीजमध्ये तर नकोच, गार डबा बाहेर काढून उघडला की आत दमट हवा शिरून पाणी धरतं.

खरं नुकसान तुमच्या त्या बाटलीत होतंय. पाण्यात विरघळलं की क्रिएटिनचं हळूहळू क्रिएटिनिन होतं, ते स्नायूंच्या काही कामाचं नाही, आणि जितकं आंबट तितकं ते लवकर होतं. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट; २५ अंशांवर ३ दिवसांत पीएच ५.५ ला ४ टक्के जातं, ४.५ ला १२ आणि ३.५ ला २१ टक्के, आणि तुमची बाटली दिवसभर गरम जागी राहिली तर उष्णतेनं वेग अजून वाढतो. एका दिवसात सगळं जाणार नाही हे खरं, पण पैसे देऊन घेतलेलं का घालवायचं? पावडर कोरडी न्या, पाणी प्यायच्या वेळीच घाला. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात जेमतेम १४ ग्रॅम विरघळतं, म्हणून ३ ते ५ ग्रॅमला मोठा ग्लास आणि कोमट पाणी घ्या, तळाशी राहिलं तर तेही पिऊन टाका. पोटातल्या आम्लाची काळजी नको, इतक्या तीव्र आम्लात हा बदल उलट फारच मंदावतो.

आणि हो, किडनीची रक्ततपासणी असेल तर क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना आधीच सांगा, त्यानं रिपोर्टमधलं क्रिएटिनिन थोडं वर दिसू शकतं.