जपानला दीड वर्षासाठी चाललोय, शाकाहारी आहे. तिथले पारंपरिक गोड पदार्थ खाऊन बघावेत का, की घरूनच सगळं न्यावं?

खा की! विचारताय काय. घरचंही न्या, मीपण दशम्या, मेतकूट, चिवडा सगळं नेलेलं. २०१९ ला नाशकातल्या सातपूरच्या कंपनीतून नागोयाला ट्रेनिंगला होतो, रूममेट आपल्या सिडकोचाच, त्याच्या बॅगेत कपडे कमी नि डबे जास्त.

सप्टेंबरात तिकडं हिगान असतं, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराचे सात दिवस, लोक पूर्वजांच्या समाध्या धुऊन येतात आणि ओहागी करतात. त्यावर्षी आपला पितृपक्ष पण नेमका तेव्हाच. खालच्या मजल्यावरच्या आजी डबीत चार ओहागी देऊन गेल्या. अर्धवट कुटलेल्या चिकट भाताचा मुटका आणि वरून आंकोचा जाड थर, आंको म्हणजे अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं साखर घालून आटवलेलं पुरणच म्हणा. रूममेटनं डबी उघडली आणि तशीच बंद केली. "अरे पिंड आहेत हे! परक्याच्या पितरांचं खायचं नसतं."

आता रामकुंडावर पिंड बघतच मोठे झालोय आपण, मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण वडिलांची तिथी त्याच आठवड्यात होऊन गेलेली, घरी भावानं पान वाढलं, कावळ्याला ठेवलं, आई फोनवर म्हणाली तू काय गोड केलंस आणि मी त्या दिवशी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नुसता भात खाल्लेला. डबी घेऊन बाल्कनीत गेलो. तूप नाही, वेलची नाही, जायफळ नाही, मिठाची जराशी चव आणि दाताखाली डाळीची सालं, पुरणयंत्रातून न काढलेलं पुरण असतं ना तस्सं. त्यातल्या दोन ओहागींना वरून भाजलेल्या सोयाबीनचं पीठ लावलेलं, वास डिट्टो आपल्या डाळ्याच्या पिठाचा. चारही संपवले, त्याच्या वाटणीचे दोन धरून.

डबी रिकामी कशी परत द्यायची, म्हणून चिवडा भरून दिला. माझा संपला होता, त्याचा दिला. तिथून जे वाजलं ते वाजलं.

बाकी तुमचं म्हणाल तर नागोयाकडं गेलात तर ओगुरा टोस्ट खा, टोस्टवर लोणी आणि आंको, पुरणपोळीवर तूप घेणाऱ्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी तिथल्या बऱ्याच कॅफेत कॉफी घेतली की टोस्ट फुकट असतो. उइरो म्हणजे तांदळाच्या पिठाची वाफवलेली गोड वडी, मला काही खास वाटली नाही. योकान, म्हणजे आंकोची घट्ट वडी, बिनधास्त खा, ते कान्तेन घालून घट्ट करतात, समुद्री शेवाळाचं असतं. जेली, पुडिंग मात्र विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या हाडा-कातड्याचं. आणि हो, शाकाहारी आहात तर खरी अडचण गोडात नाहीये, सूप आणि नूडल्समध्ये आहे, त्यात बहुतेकदा सुकवलेल्या माशाचं पाणी असतं, नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून फसू नका. मोची म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचा गोळा, तो बारीक घास करून चावून खा, दर नवीन वर्षाला म्हातारी माणसं घशात अडकून दगावतात तिकडं.

आमचे सिडकोवाले अजून मिसळीच्या टेबलावर चार जणांत सांगतात, जपानात आपल्याला खायला काही मिळत नाही. सहा महिने कुकरची खिचडी खाऊन आलेल्या माणसानं जपानच्या खाण्यावर बोलूच नये. आणि तो पावकिलो चिवडा मी त्याला आत्तापर्यंत तीनदा आणून दिलाय.