लावणी "फॅमिली ऑडियन्स"ला का नको म्हणे?

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तुम्ही मुलींनी तुमच्या तिकडच्या मंडळाच्या गणपतीला लावणी बसवायला घेतली आणि कमिटीतल्या एक काकू म्हणाल्या की फॅमिली ऑडियन्स आहे, लावणी नको, आणि तू विचारतेस की हिंदी आयटम साँग चालतं मग लावणीत एवढं वाईट काय आहे? फोनवर तू मधे मधे बोलतेस म्हणून लिहितेय.

नाचात वाईट काही नाही गं. भानगड नेहमी नाचणारी कोणाची आणि बघणारे कोण, ह्याची होती.

पेशवाईत बघ, लावण्या रचणारे शाहीर सगळ्या जातींचे. राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ तर मुसलमान. आजी पहाटे भूपाळी लावते ना, घनश्यामाची, ती पण होनाजीचीच! दुसरा बाजीराव ह्या सगळ्याचा शौकीन होता. मग 1818 ला पेशवाई बुडाली, दरबारचा पैसा आटला आणि पुढे लावणी सादर करणारे तमाशाचे फड, म्हणजे कलाकारांच्या मंडळ्या, गावोगावच्या जत्रांवर जगायला लागले. तमाशात आधी गण म्हणजे गणपतीची स्तुती, मग गवळण म्हणजे कृष्ण आणि गवळणींचा प्रसंग, मग वग म्हणजे नाटक, आणि बाईचं काम नाच्या पोरगा करायचा, म्हणजे तुमच्यातल्या कुठल्या मुलाला लावणी करायची असेल तर खुशाल घ्या, ती काही नवी फॅशन नाही.

बायका फडात नंतर आल्या. पहिली म्हणून नाव घेतात ते पवळाबाई हिवरगावकरांचं. त्या महार समाजातल्या, आणि ज्यांच्या फडात त्या गाजल्या ते पठ्ठे बापूराव म्हणजे मूळचे श्रीधर कुलकर्णी, घर, जात सगळं सोडून तमाशात आलेले. तेव्हा केवढा गहजब झाला असेल विचार कर. पुढे कोल्हाटी समाजाच्या कितीतरी मुली ह्यात आल्या, नाचणाऱ्या मुलीने लग्न करायचं नाही, तिच्या कमाईवर घर चालायचं, भावांची लग्नं व्हायची. पैसे उडवणारे पुरुष घरी गेले की प्रतिष्ठित, आणि नाचणारी तेवढी बदनाम. काकूंच्या कपाळावरची आठी तिथून आलीये, त्यांना स्वतःला माहीतही नसेल. स्वातंत्र्याच्या सुमारास तर मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लील म्हणून तमाशावर बंदीच घातली होती, नंतर मजकूर तपासून घ्यायच्या अटीवर उठवली.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगतात की पूर्ण दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मधेच पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर आल्या. त्यांना राष्ट्रपतींच्या हातून मेडल मिळालं आणि तरी शेवटची वर्षं हलाखीतच गेली, 2002 मध्ये गेल्या. आता सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. मला ह्याचा राग येतो, खरं सांगते.

आणि एक, तुम्ही जी रीलवर बघता ती ठसकेबाज, फास्ट लावणी म्हणजेच सगळी लावणी नव्हे. बैठकीची लावणी बसून करायची असते. वाईच्या यमुनाबाई वाईकर (2012 ला पद्मश्री, शंभरी पार करून 2018 मध्ये गेल्या) एकच ओळ परत परत गायच्या आणि दर वेळी चेहऱ्यावर, बोटांत वेगळा अर्थ यायचा, कधी रुसवा, कधी टोमणा, कधी नुसती वाट बघणं. कंबर हलवायची गरजच नाही. त्यांचे व्हिडिओ आहेत, स्टेप्स ठरवायच्या आधी ते बघा सगळ्याजणी.

माझं मत विचारशील तर लावणी कराच. पण निवेदनात दोन मिनिटं ह्या बायकांची नावं घ्या, नुसतं "आपली महाराष्ट्राची शान" वगैरे बोलून मोकळं होऊ नका, कारण शान म्हणायला सगळे पुढे, पण ज्यांनी ती जपली त्यांना कोणी घरात घेत नव्हतं. एक तरी कडवं बसून करा. ट्रॅकपेक्षा खरी ढोलकी मिळाली तर बघ. आणि पायात ते ऑनलाइन मिळणारे चार घुंगरू नकोत, फडातल्या बायका किलो किलोचे चाळ बांधतात, पावलाला आवाज तरी आला पाहिजे ना.

काकूंशी भांडू नकोस, एकदा प्रॅक्टिसला बोलाव त्यांना. स्वतःच्या मुलाच्या संगीतला सिनेमातल्या लावणीवर त्याच नाचल्या होत्या, व्हिडिओ आहे माझ्याकडे. शिवलेली नऊवारी विकत घेऊ नकोस, माझी जांभळी कुरियर करते, ब्लाउजचं मात्र तूच बघ.

तुझी,
आई