अठरा संगणक, एकच मांडणी

प्रश्न : सांगलीत विश्रामबाग परिसरात माझी संगणक टंकलेखनाची संस्था असून तेथे विंडोज ११, आवृत्ती २४एच२, असलेले अठरा संगणक आहेत. एका संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, लिबरऑफिस आणि सरावाचे सॉफ्टवेअर बसवून त्याची डिस्क आम्ही बाकीच्या संगणकांवर जशीच्या तशी क्लोन केली होती. अलीकडच्या अपडेटनंतर मात्र शेअर केलेले फोल्डर आणि प्रिंटर उघडताना अचूक पासवर्डही नाकारला जातो. नवी बॅच सुरू होण्यापूर्वी सर्व संगणक पुन्हा भरायचे आहेत. क्लोन करणेच चुकीचे आहे का?

उत्तर : क्लोन करणे चुकीचे नाही, त्याआधीची एक पायरी राहून गेली आहे. विंडोज बसवताना प्रत्येक संगणकाला एसआयडी नावाचा ओळख क्रमांक मिळतो आणि डिस्क थेट क्लोन केली की तोच क्रमांक सगळीकडे जातो. या सारखेपणामुळे व्यवहारात काही बिघडत नाही, असे सांगून मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच यांनी २००९ मध्ये क्रमांक बदलणारे आपले न्यूएसआयडी हे साधन मागे घेतले होते. मात्र २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटांनी २४एच२ आणि २५एच२ या आवृत्त्यांत या क्रमांकांची तपासणी सक्तीची केली असून, सारखे क्रमांक असलेले संगणक एकमेकांची ओळख नाकारतात. तुमच्या अडचणीचे मूळ बहुधा येथेच आहे.

यावरचा उपाय म्हणजे विंडोजसोबतच येणारे सिसप्रेप हे साधन. क्लोन करण्यापूर्वी ते नमुन्याचा ओळख क्रमांक काढून टाकते, म्हणजे प्रत्येक प्रतीला नवा क्रमांक मिळतो. नमुन्याच्या संगणकावर विंडोज नव्याने बसवावे आणि पहिल्या स्वागत-पडद्यावरच कंट्रोल, शिफ्ट व एफ३ ही बटणे एकत्र दाबून ऑडिट मोडमध्ये जावे. म्हणजे खाते न उघडता सर्व सॉफ्टवेअर बसवता येते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मात्र तेथे काहीही घेऊ नये, कारण एकाच वापरकर्त्यासाठी बसलेले अ‍ॅप आढळले की सिसप्रेप अडते. डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी बिटलॉकर ही सोय चालू असेल तरीही तेच होते. शेवटी सिसप्रेप उघडून क्रमांक काढणाऱ्या ‘जनरलाइझ’ या पर्यायावर खूण करावी आणि ‘शटडाउन’ निवडावे.

यानंतरची चूक सर्रास घडते : संगणक बंद झाल्यावर ‘जरा बघू’ म्हणून तो पुन्हा सुरू केला जातो आणि नवा क्रमांक इमेज, म्हणजे डिस्कची साठवून ठेवण्याजोगी प्रत, काढण्याआधीच तयार होतो. तेव्हा संगणक थेट क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करून इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यावी. क्लोनझिला डिस्कचा फक्त वापरलेला भाग उचलते, त्यामुळे इमेज आटोपशीर राहते. परंतु मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर ती सहसा उतरत नाही, म्हणून नमुना सर्वांत लहान डिस्कच्या संगणकावर तयार करावा. नेटवर्कवरून सर्व संगणकांवर एकाच वेळी इमेज उतरवण्याची सोयही आहे, पण अठरा संगणकांसाठी ती मांडण्याचा खटाटोप मला तरी अनावश्यक वाटतो. दोन-तीन हार्डडिस्क फिरवून काम भागते.

परवान्याकडेही लक्ष द्यावे. संगणकासोबत आलेल्या ओईएम परवान्यात अशी इमेज सर्वत्र उतरवण्याचा हक्क नसतो. तो व्हॉल्यूम लायसन्समधून, म्हणजे संस्थांना अनेक संगणकांसाठी मिळणाऱ्या परवान्यातून, मिळतो. शिवाय इमेज आधी दोनच संगणकांवर उतरवून त्यांच्यात फोल्डर आणि प्रिंटर शेअर होतात का, नव्या खात्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड दिसतो का, हे तपासावे आणि मगच उरलेल्या संगणकांना हात लावावा.